द्वारकाबाईंच्या छोट्या पिशव्या

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात द्वारकाबाई नावाच्या एक बाई राहत. उभं आयुष्य त्यांनी बालवाडीतल्या मुलांना गाणी शिकवण्यात घालवलं. नोकरी संपली, पण सायकल काही सुटली नाही. गाव चढावर आणि बाजार खाली ओढ्यापलीकडे. दर मंगळवारी बाई सायकलवरून खाली उतरत. स्वतःचं सामान आणत आणि शेजारच्या गंगूमावशींचंही आणत. मावशी ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, गुडघ्यांनी दगा दिलेल्या. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दवाखान्यातून बाईंनीच आणायच्या, असा शिरस्ताच पडला होता.

सामान कापडी पिशव्यांत घालून बाई हँडलला अडकवत. श्रावणातल्या एका मंगळवारी वाटेतच मोठी सर आली. घरी पोहोचेपर्यंत साखरेचा पाक झाला होता आणि गोळ्यांच्या कागदी पुडीचा लगदा. बाईंना रडूच आलं. मावशींनी पुडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ते राहू दे. आधी तुझं डोकं पूस बघू."

दुसऱ्याच दिवशी बाईंनी दवाखान्यातून गोळ्या पुन्हा आणल्या आणि त्या तालुक्याला हसनभाईंच्या सायकलच्या दुकानात गेल्या. तिथे कॅरिअरच्या दोन्ही अंगांना पडशीसारख्या लोंबणाऱ्या पिशव्या टांगलेल्या होत्या. एक जोड मोठा, एक छोटा. हसनभाईंनी एका छोट्या पिशवीत वर्तमानपत्राचा कागद टाकला, तिचं तोंड गुंडाळून पट्टा लावला आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. मग पिशवी उघडून कागद बाईंच्या हातात दिला. कागद कोरडा ठणठणीत.

"ही छोटी न्या, बाई," हसनभाई म्हणाले. "आठवड्याची भाजी, थोडा किराणा, औषधं आरामात मावतात. एखाद्या रात्रीपुरतं कुठे जायचं झालं तर साडी, पंचा, डबा, सगळं बसतं. पायडल मारताना टाच लागत नाही. हुकातून काढली की हातात धरून दुकानात शिरता येतं."

"आणि मोठी?"

"मोठीतही पाणी शिरत नाही. पण मोठी पिशवी कोणी रिकामी ठेवत नाही, बाई. माणूस ती भरतोच."

बाईंच्या डोळ्यांपुढे मात्र अख्खी आळी उभी राहिली. सगळ्यांचंच सामान आणता येईल, सगळे म्हणतील, बाईंचा केवढा आधार! त्यांनी मोठा जोड घेतला.

बातमी आळीभर पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या मंगळवारी बाईंच्या फाटकाशी ही गर्दी. कुणाला कांदे हवेत, कुणाला तेल, कुणाला भोपळा. समोरचे भिकाजी राणे म्हणाले, "नाहीतरी जाताच आहात, तर माझे नारळ आणा. आणि कोंबड्यांचं खाद्यही." भिकाजी एसटीवर ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले, अंगापिंडानं धडधाकट. पण 'नाही' हा शब्द बाईंच्या जिभेला ठाऊकच नव्हता. आणि खरं सांगायचं तर, ती गर्दी त्यांना आवडलीही होती.

बाजारातून निघताना पिशव्या फुगून पोत्यासारख्या झाल्या. चढ लागला तशी सायकल मागच्या मागे ओढू लागली. टाच पिशवीवर आपटू लागली. बाई उतरल्या आणि सायकल ढकलू लागल्या. वळणावर तोल गेला आणि सायकल आडवी झाली, तिच्याबरोबर बाईही. गुडघा सोलवटला. भरलेली सायकल काही केल्या उभी राहीना. शेवटी सगळं सामान रस्त्याच्या कडेला काढलं, सायकल उभी केली, पुन्हा सगळं भरलं. मावशींच्या गोळ्या पुन्हा तळाशीच गेल्या, नारळांच्या खाली.

बाई गावात पोहोचल्या तेव्हा दुपार कलली होती. मावशी उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान कलंडलेली. आदल्या दिवशीच गोळ्या संपल्या होत्या. फाटकाशीच सायकल टाकून बाईंनी पिशवी उलटी केली, गोळी शोधली, मावशींचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोटघोट पाणी पाजलं. डॉक्टरांना निरोप गेला. ते येऊन तपासून गेले, घाबरण्यासारखं नाही म्हणाले. बऱ्याच वेळानं मावशींनी डोळे उघडले.

"आलीस?" एवढंच म्हणाल्या.

सोललेल्या गुडघ्यापेक्षा तो एक शब्द बाईंना जास्त लागला.

बाहेर अंगणात भिकाजी आपले नारळ वेचत होते. "एक फुटला की हो, बाई," ते म्हणाले.

त्या दिवशी बाईंनी पिशव्या आतून चाचपून पाहिल्या. एक टाकाही उसवला नव्हता. दोष पिशव्यांचा नव्हताच.

त्या हसनभाईंकडे गेल्या तेव्हा मान वर करवत नव्हती. पिशव्यांना खरचटलंही होतं. पण 'मी सांगितलं होतं' असं हसनभाई म्हणाले नाहीत. "आमच्या दूधवाल्याला मोठ्याच हव्या आहेत," ते म्हणाले. "त्याला ओरखड्यांचं काही नाही. तुम्ही छोट्या न्या. आणि आधी बसा, चहा घ्या." बाईंनी हात जोडले. चूक पोटात घालणारा माणूस भेटणं हेही भाग्यच.

खरी परीक्षा पुढेच होती. मंगळवारी सकाळी फाटकाशी पुन्हा माणसं जमली. बाई पायरीवर उभ्या राहिल्या.

"आजपासून या पिशव्यांत मावेल तेवढंच आणीन. आधी मावशींचं, मग माझं. जागा उरली तर ज्यांना खाली उतरवत नाही, त्यांचं."

दोघं-तिघं घराकडे वळली.

"आणि आम्ही काय करायचं?" भिकाजींनी विचारलं.

"तुमची सायकल पडवीत धूळ खात पडली आहे, भिकाजी. चला माझ्याबरोबर. मलाही सोबत होईल."

भिकाजी पुटपुटत निघून गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई बदलल्या हो!" बाईंनी ते ऐकलं. डोळे भरून आले, पण त्यांनी सायकलवर टांग मारली. त्या दिवशी ऊन चढायच्या आत त्या परत आल्या. गोळ्या कोरड्या होत्या आणि सगळ्यांत वर होत्या.

त्यानंतर फाटकाशी कुणी फिरकेना. आपण माणसं गमावली, असं बाईंना वाटू लागलं. एकट्या जात, एकट्या येत. मावशींच्या हातचा चहा तेवढा गोड लागे.

मग एका मंगळवारी फाटकाशी घंटी वाजली. बाहेर भिकाजी उभे होते. सायकल पुसलेली, चाकांत हवा भरलेली.

"चला," ते म्हणाले. "फक्त उतारावर माझ्या पुढे राहू नका. ब्रेकचा भरवसा नाही."

जाताना ते गप्पा मारत गेले. येताना चढावर त्यांचा आवाज बंद झाला. वळणावर ते धापा टाकत दगडावर बसले. घाम पुसत खालच्या रस्त्याकडे पाहू लागले.

"बाई, आयुष्यभर या घाटातून गाडी चालवली. पण हा चढ एवढा आहे, हे आज कळलं." मग खाली मान घालून म्हणाले, "आणि तुम्ही इथून माझे नारळ आणलेत."

बाईंनी पिशवीतली काकडी काढली, अर्धी मोडून भिकाजींना दिली.

पुढे भिकाजींनीही हसनभाईंकडून तसाच छोटा जोड आणला. त्यांचं पाहून कोपऱ्यावरची सुलोचना निघाली, मग तिचा नवराही. कधी एकाच्या पिशवीत मावशींच्या गोळ्या, कधी दुसऱ्याच्या. आळीतून बाजाराला जाणाऱ्या सायकली वाढल्या आणि कुणाच्याच सायकलीला जास्त ओझं होईना.

दिवाळी झाल्यावर भिकाजी एकदा म्हणाले, "बाई, तुमची बहीण खाडीपलीकडे असते ना? कधी गेलेल्या दिसत नाही."

"मंगळवार चुकतो हो."

"मंगळवारचं आम्ही बघतो. तुम्ही जा."

बाईंनी एका पिशवीत साडी आणि पंचा भरला. दुसऱ्या पिशवीत मावशींनी रव्याच्या लाडवांचा डबा ठेवला. खाडीपर्यंत वारा पाठीशी होता. खाडीवरच्या नावाड्यानं सायकल बाईंसकट होडीत घेतली.

मंगळवारी सकाळी बाई बहिणीच्या अंगणात कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. साठीच्या बाईंच्या केसांना थोरली बहीण तेल लावत होती. तेवढ्यात मावशींचा फोन आला.

"गोळ्या आल्या गं," मावशी म्हणाल्या. "भिकाजी बसलाय इथे, चहा पितोय. तू घाई करू नकोस."

बाईंनी फोन ठेवला. भिकाजी, सुलोचना, हसनभाई, मावशी, एकेकाला त्यांनी मनातल्या मनात नमस्कार केला. मग मागे वळून त्या बहिणीला म्हणाल्या,

"अक्का, अजून एक दिवस राहू का गं?"

तात्पर्य: आपल्याला पेलेल तेवढंच ओझं घ्यावं. उरलेलं उचलायला देवानं शेजारी दिलेले असतात. त्यांना हाक मारावी आणि त्यांचे उपकार आनंदानं मानावेत.