चोपदाराकडे नसलेला फोन

"फोन काढ!" रणधीरराजे गरजले.

"महाराज, माझ्याकडं फोन न्हाई," चोपदार गेनबा हात जोडून म्हणाला.

पागोटं उलगडून झालं, जोडे उलटे करून झाले, हातातला चांदीचा दंडसुद्धा हलवून झाला. फोन कुठेच नाही. पण भास्करपंतांची डबी मात्र गेनबापाशी टीं टीं करून नुसता ऊर बडवत होती!

त्याचं झालं असं, की भर दरबारात निवाडा चालू असताना कोणाचा तरी फोन लावणीच्या चालीवर वाजला आणि राजांनी मोबाईलवर बंदी घातली. लगेच यंत्रविशारद भास्करपंत डबी घेऊन हजर! आत एक सेल, एक लाल दिवा आणि ऑप-अॅम्प नावाची आठ पायांची काळी चिप. बारीक सिग्नल मोठा करायचा, हे तिचं काम. "खिशातला कोणताही फोन ही ओळखते!" पंतांनी छातीठोकपणे सांगितलं.

राजे तर असे हट्टी, की एकदा मनानं घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. त्यांनी हुकूमच काढला: डबी ज्याच्यापाशी वाजेल त्याने दुसऱ्या दिवशी फोन काढून द्यावा, नाहीतर पद सोडावं. मग तो कोणी का असेना!

आता नसलेला फोन आणायचा कुठून? गेनबाचा आजा, बाप आणि तो स्वतः, तिघेही सिंहासनाच्या डावीकडच्या खांबाला पाठ लावून ललकारी देत आलेले. चोपदाराशिवाय त्या खांबापाशी कोणी उभं राहायचं नाही, हा दरबारचा शिरस्ता. बिचारा घरी गेला तो भाकरीला शिवेना.

त्याची मुलगी हौसा बाजारपेठेत रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा, डबी वाजली तवा तुमी कुटं हुता?"

"कुटं म्हंजे? माझ्या खांबापाशी!"

"मग जेवा निवांत. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी दरबाराच्या दाराशी पंतांनी तिच्या अंगावरून डबी फिरवली. डबी गप्प. हौसा सिंहासनापुढे गेली आणि तिने कमरेच्या बटव्यातून चालू फोन काढून दाखवला!

"महाराज, ही डबी माझ्यावरनं फिरली. वाजली का?"

दरबारात खसखस पिकली. पंत लालबुंद झाले. "तुझा फोन गप्प पडलाय! बोलता ठेव, मग बघ!"

हौसाने नंबर फिरवला. हातभर अंतरावर डबी ढिम्म. बोटभर जवळ आणली, तेव्हा कुठे दिवा लुकलुकला.

"मोबाईलच्या लहरी भलत्या वेगाच्या, महाराज. ही चिप त्या वेगाला पुरत न्हाई. अगदी खेटून बोललं तर कधीमधी खडबडती, येवढंच."

पण राजे कसले ऐकतात! "खडबडते ना? म्हणजे ओळखते! तुझा बाप काल चोरून बोलत असणार. डबी खोटं बोलत नाही आणि माझा हुकूम बदलत नाही!"

हौसाने डावीकडच्या खांबाकडे बोट केलं.

"बरं, महाराज. आबा दाराबाहेर उभे राहतील. त्यांच्या खांबापाशी दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. दिवाणजी?"

दिवाणजींना एकाएकी खोकला आला. बाकीचे सरदार छताची नक्षी बघू लागले.

"भित्रे कुठले!" राजे ताडकन उठले. "मीच उभा राहतो! बघू, डबी माझ्यापाशी वाजते का ते!"

राजांनी खांबाला पाठ लावली. पंतांनी डबी पुढे केली आणि... टीं टीं टीं टीं!

हौसाने नम्रपणे पदर सावरला.

"महाराज, फोन काढा."

"माझ्याकडे फोन नाही!"

"आबा कालधरनं हेच सांगत्यात!"

डबी वाजतच होती. शेवटी हळूच राजांनी विचारलं, "मग काय पोरी... आता मी गादी सोडू?"

"गादी कशापायी, महाराज? झुंबराचा मोठा खटका तेवढा बंद करायला सांगा!"

खटका पडला, झुंबर विझलं आणि डबीही गप्प झाली.

"झुंबराची तार या खांबातनं वर जाती. तिची घरघर ही डबी ऐकती. त्यात आबाचा काय गुन्हा?"

राजे आधी गालात हसले, मग खांब धरून असे खदखदून हसले की मुकुट कानावर आला! "गेनबा, आत ये! तुझा खांब सांभाळ. मला नाही परवडायची ती जागा!"

मग पंतांकडे वळून म्हणाले, "तुमची डबी गवंड्यांना द्या. भिंतीत खिळा ठोकण्याआधी तार तरी सापडेल! आणि आजपासून राजवाड्यातली प्रत्येक तार हौसाच्या हुकमात!"

"मग पहिला हुकूम, महाराज," हौसा म्हणाली. "झुंबर लावा. आबाला तुमचं हसणं दिसू द्या!"