खारीची उडी आणि हुकलेली सम

एकदा एक शिष्या आपण तबला कायमचा सोडत आहोत असे गुरुजींना सांगायला निघाली, आणि त्यांच्या घरी पोहोचल्यावर धीर होईना म्हणून बाहेरच्या खोलीत बसून फोनवर गेम खेळू लागली. शलाका तिचे नाव. वय छत्तीस, म्हणजे गेम खेळताना कुणी पाहिले तर पटकन फोन पालथा घालावा असे.

गेम तसा साधाच. एक खार सुसाट धावत सुटते. वाटेत खड्डे, काटे, हलत्या फळ्या. आपण नेमक्या क्षणी बोट टेकवले की ती उडी मारते, आणि चुकले की खड्ड्यात जाते. गेले वर्षभर शलाकाला या खारीने वेड लावले होते. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्येसुद्धा ही बाई चार उड्या मारून घेई. दिवसभरात तेवढाच वेळ तिला मोकळे वाटे आणि नंतर त्याचेच रडू येई, कारण हे सुख तिच्या ओळखीचे होते. पूर्वी तबल्यावर बसले की तिला नेमके असेच व्हायचे.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या मैफलीत तिची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, एका मात्रेने आखूड पडली आणि सम हुकली. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. सगळे वाजवणे तिथे येऊन टेकायचे असते. पुढच्या रांगेत कुणीतरी चुकचुकले. बस, एवढेच झाले. पण त्या दिवसापासून शलाकाने स्वतःला एक नेम घालून घेतला. रियाजात चूक झाली की हात थांबवायचा, कानाची पाळी धरायची, चूक कुठे झाली ते मोठ्याने म्हणायचे आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. गुरुजी समोर पेटीवर लेहरा धरून बसलेले असत, तालाची तीच ती सुरावट फिरवत. ते काही बोलले नाहीत. हळूहळू शलाकाचे हात लाकडासारखे झाले. सम दोन मात्रांवर आली की बोटे थबकायची. जुन्या दिवसांची तिला इतकी ओढ वाटे की कधीकधी घरी डग्ग्यावर नुसता तळवा ठेवून ती बसून राही.

"काय खेळतेस गं एवढं?" गुरुजी आतून कधी आले ते तिला कळलेच नाही.

"काही नाही, गुरुजी."

"काही नाहीमध्ये माणूस इतकं रमतं होय? दाखव बरं."

ते चष्मा सावरून शेजारी बसले. शलाका ओशाळून खेळू लागली. खार धावली, तीन खड्डे पार केले, चौथ्यात पडली. लगेच पडद्यावर तीच खार त्याच खड्ड्याच्या जराशी अलीकडे पुन्हा उभी.

"थांब," गुरुजी म्हणाले. "कान धर. का पडली ते मोठ्यानं सांग. आणि खेळ पहिल्यापासून लाव."

"अहो गुरुजी, गेममध्ये असं नसतं."

"माझ्या घरात असतं."

गुरुजींची चेष्टा कधी संपते आणि हुकूम कधी सुरू होतो हे शिष्यांना वर्षानुवर्षे कळलेले नव्हते. तिने कान धरला. "उशिरा उडी मारली," म्हणाली. पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा पडली, पुन्हा कान, पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासात तिची अशी गत झाली की डोळे मिटून ओलांडता येणाऱ्या पहिल्याच खड्ड्यापाशी अंगठा थबकू लागला. तिने फोन बाजूला ठेवला.

"नको, गुरुजी. सगळी मजाच गेली." आणि मग धरून ठेवलेले बाहेर पडले. "मी तबला सोडते हे सांगायला आले होते."

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी बाजूला ठेवलेला फोन उचलला.

"हा खेळ तुला का आवडतो?"

"वेग आहे म्हणून."

"खरं आहे. पण वेग काय करतो ते बघ. खार धावते तेव्हा मागचा खड्डा मागं राहतो, पुढचा समोर येतो, आणि मनाला पश्चात्तापाला फुरसत मिळत नाही. पडलीस तरी खेळ जाब विचारत नाही, लगेच उभं करतो. म्हणून तिथं तू शंभरदा पडतेस आणि शंभरदा हसतेस. आपला लेहरा तरी दुसरं काय करतो? तुझी सम हुकली म्हणून माझी पेटी कधी थांबली? सोळा मात्रांनी पुढची सम आलीच. दर वेळी आली. फक्त ती आली तेव्हा तू कान धरून बसलेली होतीस. आणि मी त्याला शिस्त समजून गप्प राहिलो. ही माझी चूक. पण आता मी काही त्यासाठी कान धरून बसणार नाही. चल आत."

आत जाऊन त्यांनी पेटी उघडली. तीनतालाचा लेहरा सुरू झाला. शलाकाने तबला पुढे ओढला आणि जुना कायदा, पहिल्या वर्षांपासून हातात बसलेली बोलांची बांधणी, धरला, जरा चढ्या लयीत. हात अडखळत होते, पण चालत होते. तिहाई आली आणि पुन्हा एका मात्रेने आखूड पडली. सम निघून गेली. पेटी चालूच होती. शलाकाची बोटे हवेत घुटमळली, आणि मग पुन्हा तबल्याच्या पुडीवर उतरली. ती वाजवत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"दोन वर्षं गेली हो माझी, गुरुजी."

"गेली," लेहरा न थांबवता गुरुजी म्हणाले. "आता ही सम घे."