लोणच्याचे तीन दगड

"दोघांपैकी खरं कोण बोललं, गुरुजी?"

वृद्ध गेन्सेत्सु मठाच्या अंगणात मुळ्यांना मीठ चोळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा इवामुरा. त्या प्रांतातल्या खुनांचा छडा लावणारा सामुराई, आणि त्यांचा जुना शिष्य. त्याच्याकडे आलेला एकही खून बिनकबुलीचा राहिला नव्हता.

"पुन्हा सांग. सावकाश."

"घाटात औषधविक्याचा खून झाला. मारणारा एकटाच होता, एवढं नक्की. छत्र्या करणाऱ्या तोकुजीने कबुली दिली. पानगळीत त्याचं डोकं उडवलं."

"ठाऊक आहे. त्याला इथेच पुरलंय. त्या कुंपणापाशी."

"परवा त्या औषधविक्याची पेटी एका नावाड्याकडे सापडली. म्हणाला, नदीतून वाहत आली. काल त्यानेही कबुली दिली."

"तोकुजी कधी कबूल झाला?"

"चौथ्या दगडाला."

"नावाडी?"

"तिसऱ्या."

धारदार लाकडांवर गुडघे टेकवून बसवायचं आणि मांड्यांवर एकेक दगड चढवायचा, अशी तिथे चौकशीची रीत होती.

"तुझ्यापुढे मुकेसुद्धा बोलतात म्हणे."

"बोलतात," इवामुरा ताठ मानेने म्हणाला. त्याने कमरेचा कागद काढला. "उद्या सकाळी नावाड्याचा शिरच्छेद. या हुकुमावर माझा शिक्का तेवढा राहिलाय. उमटवू की नको, एवढंच सांगा."

गेन्सेत्सुंनी हात पुसले. सरपणातली तीन फोडलेली लाकडं आणून, धार वर करून, बर्फात मांडली.

"बस."

"गुरुजी, सामुराई ओरडत नसतो."

"मग बसायला काय हरकत आहे?"

इवामुरा हसला. कागद आणि तलवार बाजूला ठेवून बसला.

गेन्सेत्सुंनी लोणच्याच्या पिंपावर दाबाला ठेवलेला दगड उचलून त्याच्या मांड्यांवर ठेवला.

"कुणी मारला?"

"मला काय ठाऊक?"

दुसरा दगड.

"कुणी मारला?"

"ठाऊक नाही." इवामुराचे ओठ पांढरे पडले होते.

"तोकुजी हेच म्हणत होता?"

"हो... हेच."

तिसरा दगड सगळ्यांत मोठा होता. म्हाताऱ्याला तो दोनदा खाली टेकवावा लागला. घाई त्याला नव्हतीच.

लाकडांखालचा बर्फ लाल होत गेला.

गेन्सेत्सु कुंपणाकडे पाहत होते. तिथल्या मातीच्या उंचवट्याकडे.

"कुणी मारला?"

"मी!" इवामुरा किंचाळला. "मी मारला! काढा... काढा हो!"

गेन्सेत्सुंनी एकेक दगड उतरवला. विहिरीवर नेऊन धुतला.

इवामुराला उठता येईना. शेजारी हुकुमाचा कागद बर्फात भिजून शाई पसरत होती. त्याने हात लांब केला, पण कागद उचलला नाही.

"दुखलं म्हणून बोललो मी, गुरुजी. त्या औषधविक्याला मी जन्मात पाहिलेलं नाही..."

गेन्सेत्सुंनी शेवटचा दगड पिंपावर नीट बसवला.

"तिघं कबूल झाले," ते कुंपणापाशी पुरलेल्या तोकुजीकडे पाहत म्हणाले. "त्यातला एक तरी खरं बोलला."