कुंकू लावलेली बाटली

“...आन् कशापायी मोडू, नाना? आत्ताच तर जमलाय!”

वृषाली पिंपात काठी घुमवत व्हती. पान्याचा भोवरा असा खोल गेला व्हता, की पिंपाचा तळ दिसावा.

“जमलाय म्हनूनच मोड,” कचरूनाना म्हनाले.

पन ती मोडती व्हय! एवढं देखनं कोन मोडंल? बघतच ऱ्हायली.

नानांनी स्टुलावर बसल्या बसल्या आपली काठी मधीच खुपसली. खळ्ळकन् भोवरा फुटला.

“हां. आता उलटीकडनं.”

ह्या घरची रीतच तशी. गाईच्या शिंगात शेन भरायचं, थंडीभर मातीत पुरायचं. काढलं की त्यातलं चिमूटभर पान्यात घोळायचं. एकीकडनं भोवरा करायचा, मोडायचा, मंग दुसरीकडनं. आन् सांजंला द्राक्षाच्या बागंत शिंपडायचं. बागंला अवशीद न्हाई, वाइनीत पावडर न्हाई. लोक हसायचे. नाना त्यांच्याहून जास्त हसायचे.

वृषाली त्यांची धाकली सून. कामाला वाघीन, पन नाकावर माशी बसू देईल तर शप्पथ! मागल्या साली नानांनी तिला वाइन घालायला एक रांजन दिला. “हा तुझा. मी बोट लावायचा न्हाई,” म्हनाले. तिची वाइन अशी उतरली, की नाशकाचे पाहुने रांजन चाटायचे तेवढे बाकी ऱ्हायले. तवापास्नं बाईचे पाय जिमिनीला कमीच टेकायचे.

त्या वाइनीची शेवटची बाटली तिनं देव्हाऱ्याखाली ठिवली व्हती. वर कुंकवाचं बोट. जनू घरातला आनखी एक देवच.

औंदा मातर अवकाळीनं घात केला. माल घाईनं तोडावा लागला, आन् रांजनातली वाइन तिला आंबट लागायला लागली. आज ती कमरंला एक पाकीट खोचून आली व्हती.

“काय गं त्ये?”

“पावडर. आंबटपना मारती.”

“आन् बाकीचं?”

“बाकीचं काय?”

“त्ये बी मरंल की.”

वृषालीनं काठी थांबवली. “लोक मागल्या सालची चव मागत्यात, नाना. ही अशी दिली तर काय म्हनतील? म्हनतील, पयल्यांदा नशिबानं साधलं. बाईच्या हातात काय न्हाई.”

नानांची मिशी तेवढी हालली.

“बाटली आन.”

“ती न्हाई फोडायची!”

“एक घोट. दोन्ही चाखून बघ. मंग टाक तुझी पावडर, मी आडवा येत न्हाई.”

तिनं बाटली आनली, जीवावर आल्यागत बूच काढलं. एका पेल्यात बाटलीतली, दुसऱ्यात रांजनातली.

पयला घोट बाटलीचा. बाईचे डोळे आपसूक मिटले.

“हं... ही बघा! हिला म्हंत्यात वाइन.”

दुसरा घोट रांजनाचा. तोंड असं केलं, जसा निंबाचा पाला चावला.

“आन् ही बघा. दात आंबले!”

नाना हसाया लागले. हसता हसता ठसका लागला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पुन्हा हसले.

“काय झालं हसाया?”

“तुझी बाटली म्या पोळ्यालाच संपिवली. बैलापाशी बसून.”

वृषालीनं बाटली उचलून उजेडाला धरली.

“बैलाला न्हाई दिली हां. मंग रांजनातनं भरली आन् ठिवली जागंवर. कुंकू बी मीच लावलं. बोट जरा मोठं उमटलंय, बघ.”

तिनं बघितलं. खरंच, बोट कसलं, आंगठाच तो!

तिनं दोन्ही पेले उचलले. ह्याचा वास घेतला, त्याचा घेतला. पुन्हा ह्याचा. मंग एकेक घोट, सावकाश...

पेला म्हाताऱ्याच्या टकुऱ्यावर उपडा करावा, असं तिला वाटलं. हात उचललाबी व्हता. पन व्हटाचा कोपरा हालला. तिनं दाबला. त्यो ऱ्हाईना.

“शेवटची व्हती, नाना.”

“व्हय.”

“कशी व्हती?”

“ग्वाड व्हती... संपली.”

वृषालीनं रांजनावर झाकन ठिवलं. मंग म्हनाली, “उठा.”

नाना उठले. त्यांचं स्टूल कवापास्नं डुगडुगत व्हतं. तिनं कमरंचं पाकीट काढलं, घडी घातली आन् आखूड पायाखाली सारलं.

“बसा आता. पडलात तर पुढल्या पोळ्याला बैलापाशी कोन बसंल?”

नाना बसले. स्टूल गप झालं.

तिनं काठी घेतली. दीस डोंगराला टेकला व्हता. भोवरा पुन्हा खोल गेला, मघापेक्षा देखना. पार तळापत्तुर. तिनं नानांकडं बघून भिवया उडवल्या... कसा?

“झ्याक,” नाना म्हनाले. “मोड.”