गुळाच्या व्यापाऱ्याचे इंग्रजी

एकदा एक गुळाचे व्यापारी सत्तरी उलटल्यावर इंग्रजी शिकायला निघाले. गाव हसले. साठी बुद्धी नाठी म्हणतात, इथे तर वर आणखी दहा वर्षे झाली होती! पण हसणाऱ्यांचे काय जाते? शेठजींचा एकुलता एक मुलगा परदेशी स्थायिक झालेला, त्याची मुलगी रेवा तिकडेच जन्मलेली, आणि तिला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पाच वर्षांची असताना ती आली होती, तेव्हा आजोबा आणि नात एकमेकांकडे नुसते बघत राहिले. निघताना गाडीच्या खिडकीतून ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, ते शेठजींना कळले नाही. पत्नी निवर्तल्यानंतर त्या मोठ्या घरात त्यांना तोच एक ध्यास लागला. पोर पुन्हा येईल तेव्हा तिच्याशी बोलायचे.

गावात इंग्रजीचे एक वृद्ध गुरुजी राहत. शेठजींच्या मुलालाही त्यांनीच शिकवले होते. "पोराला शिकवलं, तर तो गेला," गुरुजी म्हणाले. "आता बापाला शिकवतो. बघू, कोण परत येतं ते."

शिक्षण क्रियापदांपासून सुरू झाले. गुरुजी सांगत, इंग्रजीत काही क्रियापदे उनाड असतात, भूतकाळात गेली की ओळखू येत नाहीत; पण बहुतेक सालस असतात. मागे एक छोटे शेपूट लावले की काल होतो, पुढे एक शब्द जोडला की उद्या. वॉक, वॉक्ड, विल वॉक. मग आज्ञा, विनंती, इच्छा, आणि शेवटी 'असे झाले असते तर' हा अवघड प्रकार. शेठजी दुकानात ढेपा उतरवून घेता घेता पुटपुटत, "प्ले, प्लेड, विल प्ले." एखादे शेपूट राहिले की गुरुजी सबंध धडा पुन्हा म्हणायला लावत. तो शेवटचा अवघड प्रकार मात्र शेठजींना चटकन साधला. ती इथे राहिली असती तर, मी तेव्हा बोललो असतो तर, ही वाक्ये ते मनाशी कधीपासून घोकतच होते.

नाताळच्या सुट्टीत रेवा आई-वडिलांबरोबर आली. आता ती सात वर्षांची झाली होती. शेठजी तिच्यासमोर उभे राहत, मनात काळ ठरवत, शेपूट तपासत, आणि वाक्य जुळेपर्यंत पोर अंगणात पळालेली असे. चुकलो तर? शेठजी मोठे मानी. जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. आता नातीपुढे चुकीचे बोलून हसे करून घेणे त्यांना सोसवेना. त्यापेक्षा देणे सोपे होते. त्यांनी तिला सोन्याचे डूल दिले, बाहुली दिली, ओसरीवर झोपाळा टांगून दिला. ती दर वेळी गोड हसून "थँक यू" म्हणे आणि निघून जाई.

तिच्या परतण्याला दोन दिवस उरले, तसे शेठजी कासावीस होऊन गुरुजींकडे गेले. "अजून शिकवा. मी अजून कच्चाच आहे."

गुरुजींनी काठी घेतली. "चला, तुमच्या घरी जाऊ."

रेवा अंगणाच्या पायऱ्यांवर एकटीच बसली होती. गुरुजी तिच्या खालच्या पायरीवर टेकले आणि मोठ्याने म्हणाले, "यस्टरडे आय वॉक टू रिव्हर. टुमॉरो आय वॉक्ड अगेन."

शेठजींच्या अंगावर काटा आला. रेवाने मान वर केली. "नो! यस्टरडे यू वॉक्ड!"

"ओ!" गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "यस्टरडे आय विल वॉक्ड."

पोर खदखदा हसली. मग उठून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि बोट नाचवत शिकवू लागली. गुरुजी चुकत होते, ती रागावत होती, पुन्हा सांगत होती. जाताना ती त्यांचा हात धरून फाटकापर्यंत गेली आणि मगच घरात पळाली.

शेठजींचा चेहरा उतरला होता. इतक्या दिवसांत ते जे करू शकले नाहीत, ते एका परक्या माणसाने घटकाभरात केले होते. "गुरुजी, एक शेपूट राहिलं तर तुम्ही मला सबंध धडा म्हणायला लावत होता. आणि आज तुम्हीच..."

"शेठ," गुरुजी म्हणाले, "या घरात त्या पोरीला सगळे देतात. तिच्याकडून कुणी काही घेतं का? लळा घेणाऱ्याला लागत नाही, देणाऱ्याला लागतो. तुमचा जीव मुलात का अडकलाय? त्याच्यावर जन्म खर्चलात म्हणून. त्या पोरीजवळ तिची अशी एकच वस्तू आहे, तिची भाषा. तीसुद्धा तुम्ही बाहेरून मिळवून भरल्या हातानं तिच्यापुढे जाणार. मग तिनं तुम्हाला द्यायचं काय? मी रिकाम्या हातानं गेलो, इतकंच."

"मग मला एवढं घासून घेतलंत ते कशाला?"

"तिचं बोलणं तुम्हाला कळावं म्हणून. बोलायला ती शिकवेल."

संध्याकाळी शेठजी त्या पायरीवर जाऊन बसले. एखादी चूक मुद्दाम करावी, असे त्यांनी योजले होते; पण नात वरच्या पायरीवर येऊन बसताच सारी घोकंपट्टी कुठल्या कुठे गेली.

"आय वेट यू," ते म्हणाले. "मेनी इयर."

रेवाने कपाळाला हात लावला. "नो, नो. आय वेटेड. वेटेड फॉर यू. से इट."

"आय वेटेड... फॉर यू."

"मेनी इयर्स."

"आय वेटेड फॉर यू मेनी इयर्स."

"गुड," रेवा शाळेतल्या बाईंच्या थाटात म्हणाली. मग ते वाक्य तिचे तिलाच नीट ऐकू आले असावे. ती थबकली. आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"फॉर मी?"

शेठजींनी मान डोलावली. रेवा एक पायरी खाली उतरून त्यांना खेटून बसली, आणि आता दुसरे वाक्य म्हणा, असे तिने त्यांना बजावले.