बत्तिसावी जागा

“मग मी जागा चुकीची निवडली, असं म्हणायचंय का तुम्हाला, अप्पाजी?”

चन्नवीर हलगेने मठाच्या ओसरीत नकाशा पसरला होता. मोठमोठी दुकानं काढणाऱ्या एका कंपनीसाठी तो गावोगाव जागा शोधायचा. एकतीस जागा त्याने निवडल्या होत्या. तिथलं एकही दुकान बंद पडलं नव्हतं. बत्तिसावं त्याच्या स्वतःच्या गावात होणार होतं, बाजारचौकात. ज्यांच्यापुढे बसून तो अक्षरं गिरवायला शिकला, त्या शिवलिंगस्वामींचा आशीर्वाद घ्यायला तो आला होता.

“मी अजून काहीच म्हणालो नाही,” स्वामी म्हणाले. “चौकातून रोज किती माणसं जातात?”

“सहा हजार. तीन दिवस उभं राहून मोजलीत.”

“आणि चौकात दुकान मांडून बसलेली?”

“बसलेली...? ती मोजत नाहीत, अप्पाजी.”

स्वामींनी आरतीचं तबक पुढे ओढलं.

“कापूर संपलाय. नीलव्वाच्या दुकानातून घेऊन ये.”

नीलव्वाचं किराणा दुकान चौकातच होतं. पुडी बांधता बांधता म्हातारीने मान वर केली.

“हलग्यांचा चन्नू ना रं तू? अगदी बापावर गेलास. ह्याच पायरीवर कोसळले होते बघ, छाती धरून. दुकान तसंच उघडं टाकलं अन् आमच्या मालाच्या टेम्पोत घालून मीच नेलं लातूरला.”

चन्नवीर तेव्हा पुण्यात होता. बाजारातल्या कुणीतरी वडिलांना वेळेवर दवाखान्यात पोचवलं, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. वडील पुढे नऊ वर्षं जगले, नातवंडं खेळवली. पोचवलं कुणी, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“तुमचं मोठं दुकान येतंय म्हणं इथं,” नीलव्वा म्हणाली. “मग माझं काय चालतंय आता... माझ्या सुनेला तरी तिथं कामाला घेशील का?”

तो वाकून तिच्या पाया पडला.

मठात येऊन त्याने कापूर ठेवला. नकाशावरची चौकातली खूण खोडली आणि घडी घातली.

दुकान अखेर बायपासपलीकडच्या नव्या वस्तीत झालं. तिथल्या बायांना साबणाच्या वडीसाठीही तीन किलोमीटर चालत बाजारात यावं लागायचं. त्या खूश झाल्या. कंपनी नाही झाली. विक्री बेताचीच राहिली आणि चन्नवीरची बढती हुकली.

वर्षाने तो पुन्हा मठात आला.

“साहेब म्हणतात, ही माझी पहिली फसलेली जागा.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी... तुमचे आभार मानायला आलोय.”

“कशाबद्दल?”

चन्नवीरने नीलव्वाच्या दुकानातून आणलेली कापराची पुडी पुढे ठेवली.

“नीट सांगता येत नाही, अप्पाजी.”

स्वामी हसले.

“मग आभार खरे असतील.”