बेटापर्यंतचा नावाडी

एका नदीकाठी हैबती नावाचा एक नावाडी राहत होता. नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं. बेटाच्या अलीकडे हैबतीची नाव चाले, पलीकडे भिवाची. उतारूंनी बेटावर नाव बदलायची, अशी वहिवाटच होती. एकदा कुठल्याशा क्षुल्लक कारणावरून दोघांचं बिनसलं. तेव्हापासून रोज समोरासमोर येत, पण चकार शब्द बोलत नसत. हा अबोला मात्र दोघांनी अगदी इमानाने पाळला.

एके दिवशी एक गोडबोल्या माणूस डोंगराकडच्या एका मुलीला घेऊन आला. मुलीचं नाव येसू. "मी हिचा मामा. शहरात चांगल्या घरी कामाला लावतो," तो म्हणाला. पण येसू त्याला एकदाही मामा म्हणाली नाही. हैबतीच्या मनात पाल चुकचुकली. बेटावर भिवा उभाच होता. जरा लक्ष ठेव, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण आधी आपण का बोलायचं? माझं काम बेटापर्यंत, असं म्हणून हैबतीने नाव वळवली. येसू मागे वळून पाहत राहिली.

काही दिवसांनी येसूची आई भागाबाई पोरीला शोधत आली. तिला भाऊच नव्हता. ते ऐकून हैबतीने तशीच नाव सोडली. तिला घेऊन तो बेटावर गेला आणि कितीतरी वर्षांनी भिवाशी बोलला.

"तो माणूस तुला काय म्हणाला रे?"

"म्हणाला, मी हिचा बाप. पोरगी रडत होती. पण वाटलं, तुझ्या नावेतनं आली, म्हणजे तू विचारलं असशील."

"आणि मला वाटलं, तू विचारशील."

इकडे मामा आणि तिकडे बाप! दोघं नुसतं बोलले असते, तर ते खोटं तिथेच वाळूवर उघडं पडलं असतं. मग चौकीवर सांगितलं, दोघांनी मिळून पलीकडचं बाजारगाव पालथं घातलं. पण फार उशीर झाला होता. येसू सापडली नाही.

त्यानंतर दोघं प्रत्येक उतारूबद्दल एकमेकांशी बोलू लागले. असाच आणखी एक लबाड त्यांनी बेटावर धरला आणि त्याच्याबरोबरची मुलगी सुखरूप घरी पोचली. गावाने पाठ थोपटली, पण हैबतीला ते सोसवेना. भागाबाई अजूनही नदीवर येऊन बसते. पलीकडून माझी पोर आली का, म्हणून विचारते. हैबती बेटापर्यंत जातो, भिवाला विचारतो आणि नाही म्हणून सांगायला परत येतो.

तात्पर्य: आपल्या हद्दीपुरतं पाहून कुणाचा जीव वाचत नाही. जे खटकलं ते पुढच्याला वेळेवर सांगावं, कारण न बोलणाऱ्या दोघांच्या मधूनच लबाड निसटतो.